फायबर वाढवलं आणि पोट आणखीच फुगलं : इंदुरी ताटाचं काय करावं?

रामबागवाली
नमस्कार मंडळी. बाबांना (वय ७१) पोट साफ होत नाही ही तक्रार जुनीच आहे. या वेळच्या तपासणीत साखरही काठावर निघाली. डॉक्टर म्हणाले, "जेवणात फायबर वाढवा." किती, कशातून, काही नाही. बाहेर रांग होती, पुढचा पेशंट आत आलासुद्धा.

आमचं ताट सांगते. सकाळी पोहे, वर शेव-जिरावण, रविवारी सोबत जलेबी. दुपारी फुलके, तुरीचं वरण, भात, दुधी नाहीतर बटाटा. चारला चहा-टोस्ट, कोणी आलं-गेलं तर कचोरी. रात्री मुगाच्या डाळीची खिचडी आणि कढी. एकादशीला साबुदाणा.

दादा बंगलोरला असतो. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवली: सकाळी ओट्स, दुपारी ताटभर कच्ची काकडी-गाजर-मुळा, रात्री राजमा किंवा छोले, झोपताना इसबगोल. बाबा शिस्तीचे, सोमवारपासून सगळं एकदम सुरू. गुरुवारपर्यंत पोट फुगून तट्ट, रात्रभर गुडगुड, आणि साफ व्हायचं ते नाहीच. आई म्हणते, "बंद करा ही थेरं, माणसाला जेवू द्या." दादा म्हणतो चालू ठेवा, शरीराला सवय होईल. मी मध्ये अडकले आहे. कोणाचं ऐकू?

जिरावण_भिया
पोह्यांच्या विरोधात एक शब्द निघाला तर धागाकर्तीला राजवाड्यासमोर उभं करण्यात येईल. शेव घेऊन बसलोय, चालू द्या.

वर्षा_आहार
मी आहारतज्ज्ञ आहे, सुदामा नगरला असते. आई आणि दादा दोघांचंही अर्धं अर्धं ऐका.

आधी हिशोब करू. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला रोज निदान २५ ग्रॅम फायबर सांगते. आपल्याकडचा हिशोब १००० कॅलरींमागे १५ ग्रॅम असा आहे. बाबांचं जेवण १६०० कॅलरींच्या आसपास धरलं तर २४ ग्रॅम. म्हणजे दोन्हीकडून आकडा तिथेच येतो.

आता ताट. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम कोरड्या पोह्यांत फायबर साडेतीन ग्रॅमच्या आसपास. बशीभर पोह्यांना पन्नासेक ग्रॅम लागतात, म्हणजे पावणेदोन. तुरीच्या वरणाच्या वाटीतून अडीच-पावणेतीन. भात दीड. दुधी दोन. रात्रीची खिचडी तीन. झाले अकरा. उरले फुलके. अख्ख्या गव्हाच्या १०० ग्रॅम कणकेत ११ ग्रॅमहून थोडं जास्त असतं आणि चार फुलक्यांना तेवढीच कणीक लागते. म्हणजे बावीसवर आलो की नाही? दादाने ज्या ताटाला नावं ठेवली ते तितकं वाईट नाहीच.

पण एक मेख आहे. हे गणित कोंड्यासकट कणकेचं आहे. मैद्यात तेच १०० ग्रॅमला पावणेतीन होतं. तुमच्याकडे कणीक चाळतात का? कोणत्या चाळणीने? आधी ते सांगा, मग पुढचं बोलू.

रामबागवाली
वर्षाताई, आई चाळते. मैद्याची बारीक चाळणी आहे, तिने. "फुलका पांढरा आणि मऊ व्हायला हवा, यांचे दात नाहीत." वर राहिलेला कोंडा गल्लीतल्या गाईला.

सुधाकाकू
अगं, मग गाईचं पोट साफ असेल!

मस्करी सोड, पण हे घरोघरी आहे. माझ्या सासूबाई माळव्यातल्याच. त्या सांगत, गहू रोज खाणं हा त्यांच्या लहानपणी सणावाराचा प्रकार होता. एरवी ज्वारीची भाकरी, थंडीत मक्याची, सोबत उडदाची डाळ नाहीतर चुलीवर शिजवलेली हरभऱ्याची भाजी. दळण जात्यावर, त्यामुळे पीठ भरडच. चाळणी असायची, पण मोठ्या भोकांची, खडा-काडी काढायला. चक्की आली, शरबती गहू आला, मग पांढरा फुलका म्हणजे सुबत्ता झाली. आता तोच कोंडा पाकिटात भरून विकतात आणि सून तो आणून त्याच कणकेत मिसळते. घ्या!

आणि एक विचारायचं होतं. सत्तरीच्या माणसाला ताटभर कच्चा मुळा द्यायची कल्पना कोणाची? दात नाहीत म्हणतेस ना? शिजवलेल्या भाजीतला चोथा, म्हणजे तुमचं फायबर, कुठे पळून जातो का?

वर्षा_आहार
काकू, अगदी बरोबर. शिजवल्याने चोथा मऊ होतो, नाहीसा होत नाही. दात नसणाऱ्यांना शिजवलेलंच बरं.

पोट का फुगलं ते सांगते. चोथा आपल्या लहान आतड्यात पचत नाही, तसाच मोठ्या आतड्यात पोचतो. तिथले जिवाणू त्यातला काही भाग आंबवतात. त्यातून तीन लहान आम्लं तयार होतात: अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. ब्युटिरेट हे तर आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन. पण आंबवलं की वायू निघणारच. राजमा-छोल्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात, त्या फोडणारं विकर (एन्झाइम) माणसाच्या आतड्यात नाही, त्यामुळे तो सगळा माल जिवाणूंच्या वाट्याला. ज्यांना वर्षानुवर्षं थोडं मिळत होतं त्यांच्यापुढे एकदम पंगत मांडली, दुसरं काय होणार? दर आठवड्याला एखादाच बदल करायचा, सोबत पाणी वाढवायचं. दादाची यादी चार-सहा आठवड्यांत पसरायला हवी होती.

देवगुराडिया_एक्सप्रेस
म्हणजे बाबांच्या पोटात आपला बायो-सीएनजी प्लांट चालू झाला! ट्रेंचिंग ग्राउंडवरचा (कचरा डेपोवरचा) तो प्लांट आपल्या घरची सालं-देठं अशीच हवाबंद टाक्यांत जिवाणूंकडून आंबवून घेतो. २०२२ मध्ये उद्घाटन झालं, तेव्हा रोज ५५० टन ओला कचरा घ्यायची क्षमता होती, त्या गॅसवर सिटी बस धावतात. इंदूरने कचऱ्यात नंबर काढला, आता पोटात काढू.

तिथला इंजिनियर ओळखीचा आहे. तो सांगतो, टाकीत एकदम जास्त माल लोटला की आतलं सगळं बिघडतं, हळूहळू वाढवावा लागतो. वर्षाताईंचं म्हणणं तेच.

जिरावण_भिया
बाबांना बस क्रमांक देऊन टाका भिया.

शंकेखोर
माझं मत वेगळं आहे, दिवे घ्या. फायबर फायबर म्हणून गेली काही वर्षं जे चाललंय ते मला अति वाटतं. मी गव्हाचा कोंडा खाल्ला, पोट दुखायला लागलं. कडधान्यं वाढवली, ऑफिसात बसवेना. सगळं कमी केलं, भात-मूग-दही यावर आलो, आणि मजेत आहे. पुरावा माझ्या पोटाचा. प्रत्येकाला तोच मंत्र कशाला?

पोटविकार_डॉक्टर
शंकेखोर, तुमची तक्रार खरी असू शकते. आतडं संवेदनशील असलेल्यांना (आयबीएस) काही पदार्थांतली आंबणारी कर्बोदकं झेपत नाहीत. कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले ही त्यातली ठळक नावं. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या लोकांनी यावर लो-फॉडमॅप नावाची आहारपद्धत बसवली. पण ती कायमची नसते. काही आठवडे वगळायचं, मग एकेक पदार्थ परत आणून नक्की कोण त्रास देतो ते शोधायचं. तुम्ही पहिली पायरी गाठून तिथेच मुक्काम ठोकलाय. शिवाय कोंडा म्हणजे सगळं फायबर नव्हे. आयबीएसवाल्यांना भरड कोंड्याचा त्रास होतो, पण इसबगोल पुष्कळांना सोसतो, कारण तो फारसा आंबतच नाही.

रामबागवाली, आता बाबांचं. जेवणाआधी गोळ्यांचा डबा बघा. कॅल्शियम, लोह, रक्तदाबाची काही औषधं (व्हेरापामिल यात बदनाम आहे), काही वेदनाशामकं, सगळ्यांनी मल घट्ट होतो. थायरॉइड कमी असेल तरीही. पाणी किती पितात? चालतात किती? सकाळी चहा-नाश्त्यानंतर मोठं आतडं आपोआप हलतं, त्या वेळी पेपर वाचत बसायचं आणि कळ दाबायची, असं तर नाही ना? ज्यांचं आतडंच संथ चालतं किंवा ज्यांच्या गुदद्वाराचे स्नायू वेळेवर सैल होत नाहीत, त्यांच्यात चोथा कोंबून उपयोग नाही, उलट तुंबतं.

आणि हे गंभीरपणे सांगतो. मलातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघणं, पन्नाशीनंतर सवयीत अचानक बदल, यांपैकी काही असेल तर धाग्यावर विचारत बसू नका, दाखवून या. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वायूही सरत नसेल तर इसबगोल अजिबात नाही, थेट इस्पितळ.

रामबागवाली
डॉक्टर, मनापासून आभार. तसं काही गंभीर नाही, वजन स्थिर आहे. पण गोळ्यांचा डबा बघितला आणि कॅल्शियम सापडलं! गुडघ्यांसाठी कोणीतरी कधीतरी लिहून दिलेलं, तेव्हापासून चालूच. उद्या आमच्या डॉक्टरांना विचारते. पेपरवाला मुद्दा बाबांना वाचून दाखवला, ते काही बोलले नाहीत, पेपर मात्र घडी करून ठेवला.

नीमचकर
इसबगोलचा विषय निघाला म्हणून लिहितो, आमच्याकडे शेतात असतो. नीमच-मंदसौर, राजस्थान आणि उत्तर गुजरात, एवढ्या पट्ट्यात हे पीक. दिवाळीच्या मागेपुढे पेरायचं, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायचं. काढणीच्या तोंडावर पाऊस आला की शेतकरी मेला. दाणा झडतो आणि भुशी शेतातच पाणी पिऊन बुळबुळीत होते. ती बुळबुळ हाच तर त्याचा गुण! पोटात जाऊन तेच व्हायला हवं, शेतात नको. बराचसा माल परदेशी जातो, अमेरिका मोठं गिऱ्हाईक. कोलेस्टेरॉलसाठी उपयोगी असं पाकिटावर लिहायला तिथल्या एफडीएने (अन्न-औषध प्रशासनाने) १९९८ मध्ये परवानगी दिली.

लोक घेतात कसं ते मात्र बघवत नाही. कोरडी भुशी तोंडात टाकून वर घोटभर पाणी. अहो, घशात फुगून अडकेल! मोठ्या पेल्यात पाणी किंवा ताक घ्या, भुशी घाला, ढवळा, घट्ट व्हायच्या आत पिऊन टाका आणि वरून आणखी एक पेला पाणी. आमचे आजोबा तर घेतल्यावर लगेच आडवं होऊ द्यायचे नाहीत.

पोटविकार_डॉक्टर
नीमचकरांना अनुमोदन. भर एवढीच: थायरॉइडची गोळी आणि इसबगोल यांत चार तासांचं अंतर ठेवा, बाकी औषधांशी निदान दोन तासांचं. भुशीच्या जेलमध्ये औषध अडकलं तर पूर्ण शोषलं जात नाही.

इतिहासाचा_किडा
फायबरचं हे वेड मुळात पसरवलं डेनिस बर्किट या आयरिश सर्जनने. युगांडात बरीच वर्षं काम केलं, एका लिम्फोमाला (एक प्रकारच्या कर्करोगाला) त्याचं नाव आहे तो हाच. त्याने पाहिलं की तिथल्या खेड्यांतल्या लोकांना बद्धकोष्ठ, मूळव्याध, मोठ्या आतड्याचे आजार फार कमी, आणि त्यांच्या मलाचं वजन इंग्रजांच्या कितीतरी पट. १९७० च्या दशकात त्याने व्याख्यानांतून मलाच्या स्लाइडी दाखवून लोकांना हैराण केलं होतं. त्याच्या सिद्धांतातल्या काही गोष्टी पुढे टिकल्या, काही नाही. खेड्यातला माणूस दिवसभर चालतो, उकिडवा बसतो, तेही धरायला हवं ना?

जिरावण_भिया
उकिडवा! आता आला मुद्दा. आमच्याकडे नूतनीकरणात देशी काढून कमोड बसवला, तेव्हापासून तीर्थरूप नाराज आहेत.

सुधाकाकू
पायाखाली छोटा पाट ठेवा रे. गुडघे वर येतात, जमतं. गुडघेदुखीवाल्यांना देशी झेपत नाही आणि कमोडवर जोर लागत नाही, त्यावर हाच उपाय.

पोटविकार_डॉक्टर
काकू, पाटाला शास्त्राचाही पाठिंबा आहे. गुडघे वर घेतले की गुदाशयाचा कोन सरळ होतो आणि कमी कुंथावं लागतं. आता विषय इथवर आलाच आहे तर ब्रिस्टल तक्ताही बघून ठेवा. मलाच्या सात प्रकारांची चित्रं आहेत, पहिला लेंड्यांसारखा, सातवा पाण्यासारखा. तिसरा-चौथा आला की समजा गाडी रुळावर. पेशंटला "साफ होतं का" विचारलं तर काहीही उत्तर मिळतं, चित्रावर बोट ठेवायला सांगितलं की खरं कळतं.

नाश्ता_करतोय
मी सकाळी सकाळी हा धागा का उघडला?

तिलकनगर_ताई
साबुदाण्याबद्दल कोणीच बोललं नाही. टॅपिओकाच्या कंदाचा निव्वळ स्टार्च, चोथा जवळपास शून्य. वरून तूप, बटाटा. एकादशी दुप्पट खाशी, आणि द्वादशीला पोट बंद. आमच्याकडे आता राजगिऱ्याची भाकरी, वरई आणि शिजवलेली रताळी असतात. साबुदाणा महिन्यातून एकदा, तोही सराफ्यात जाऊन, मग उपास असो नसो.

बाकी दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालीची चटणी या आपल्या आज्यांच्या गोष्टी विसरू नका. सालं धुऊन बारीक चिरायची, थोड्या तेलावर कुरकुरीत होईपर्यंत परतायची. मग तीळ, सुकं खोबरं, लाल मिरची, मीठ घालून कुटायचं. मिक्सरला लावली तर लगदा होतो, खलबत्ताच हवा. प्लांटला कमी कचरा, पोटाला जास्त.

रामबागवाली
चटणी आजच! ताई, साखरेचंही विचारायचं राहिलं. फायबरने साखर कमी होते म्हणतात, ते कसं?

वर्षा_आहार
कमी होते म्हणण्यापेक्षा जेवणानंतरचा चढ मंदावतो. ओट्स, कडधान्यं, इसबगोल, पेरू-सफरचंदाचा गर यांतला विरघळणारा चोथा पोटात दाटसर होतो, त्यातून साखर हळूहळू रक्तात जाते. तोच पित्ताम्लं धरून बाहेर नेतो, मग यकृत नवीन पित्ताम्लं करायला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. कोंडा, भाज्यांची सालं, देठं यांतला न विरघळणारा चोथा मुख्यतः मलाला आकार देतो आणि पुढे ढकलतो. दोन्ही हवेत. म्हणून एकाच गोष्टीचा मारा करू नये.

बाबांसाठी माझा क्रम असा. पहिला आठवडा फक्त चाळणी बदला. फुलका कडक वाटला तर कणीक अर्धा तास जास्त भिजू द्या, दुधाचा हात लावा. दुसऱ्या आठवड्यात पोह्यांत मटार, दाणे आणि मोड आलेली मटकी. आपल्याकडे उसळ-पोहे मिळतातच की! शेव चिमूटभर. मग खिचडीत सालीची मूगडाळ. हे पचलं की दुपारी जेवणानंतर पेरू, बिया काढू नका, चावत नसेल तर किसून. १०० ग्रॅम पेरूत साडेआठ ग्रॅम चोथा असतो, सफरचंदात तीनहून कमी. राजमा-छोले शेवटी, रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, आणि दुपारच्या जेवणात. ओट्स त्यांना आवडत नसतील तर द्या सोडून, अडत नाही.

दादाच_मी
यादीवाला दादा हजर आहे. बहिणीने लिंक पाठवली. मी यादी दिली, एका दिवसात सगळं सुरू करा असं कुठे लिहिलं होतं? बाकी कणकेच्या चाळणीचं मला खरंच माहीत नव्हतं. इथे आम्ही मल्टिग्रेन ब्रेड खातो.

तिलकनगर_ताई
दादा, त्या ब्रेडच्या पाकिटामागे घटकांच्या यादीत पहिलं नाव कोणतं आहे ते वाचा. जे सर्वात जास्त ते पहिलं लिहितात. बहुतेक वेळा मैदाच निघतो, मग वर तीळ कितीही चिकटवा.

दादाच_मी
वाचलं. यावर बोलायचं नाही.

जिरावण_भिया
शिकंजीत फायबर असतं का? सुकामेवा असतो ना इंदुरी शिकंजीत.

वर्षा_आहार
असतं. रबडी आधी संपवावी लागते, मग सापडतं.

कमी_हिमोग्लोबिन
एक धोक्याची घंटा माझ्याकडून. रक्त कमी असलेल्या बायकांनी कोरडा कोंडा चमच्याने खायला जाऊ नये. त्यातलं फायटेट लोह आणि जस्त धरून ठेवतं. भिजवलं, मोड आणले, आंबवलं की फायटेट कमी होतं. उसळीवर लिंबू पिळायचं आणि जेवणाबरोबर चहा घ्यायचा नाही, हे मला माझ्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलंय.

शंकेखोर
फोडणीच्या भाताबद्दल काय मत? शिळा भात चांगला असं ऐकलं, माझ्या फायद्याचं आहे म्हणून विचारतो.

वर्षा_आहार
भात शिजून गार झाला की त्यातला थोडा स्टार्च न पचणारा होतो आणि चोथ्यासारखा वागतो. परत गरम केला तरी काही प्रमाणात टिकतो. फार मोठा फरक नाही, पण आहे. मात्र भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, निवला की लगेच फ्रीजमध्ये. उन्हाळ्यात तर नक्कीच. आणि शंकेखोर, तुम्ही सुरुवात गाजर, लाल भोपळा, पिकल्या पपईपासून करा, कांदा-लसूण नंतर बघू.

शंकेखोर
भोपळा मान्य. बाकी मतं राखून ठेवतो.

रामबागवाली
थोडं कळवते. डॉक्टरांनी कॅल्शियम थांबवलं, म्हणाले गरज असेल तर तपासून ठरवू. चाळणी बदलली, म्हणजे आईने नाही, मी लपवली. पहिले दोन दिवस "फुलक्यात माती आहे का" ऐकलं, आता कोणी काही बोलत नाही. फुगणं गेलं. पोट रोज नाही, पण एक दिवसाआड, आणि विनाकष्ट. इसबगोल एक चमचा, नीमचकरांच्या पद्धतीने, तोही रात्री ताकात. मुळा पूर्ण बंद. साखरेचं तीन महिन्यांच्या चाचणीत कळेल.

बाबांना आता ज्वारीची भाकरी हवी आहे. लहानपणी खाल्लेली आठवली. आईला थापता येत नाही, मलाही नाही. विकतचं पीठ आणलं तर भाकरीचे तुकडे होतात. काय करावं?

सुधाकाकू
पीठ जुनं असणार. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, पीठ शिळं झालं की विरी जाते. आठवडाभराचीच दळून आण, चक्कीवाल्याला सांग गव्हावर दळू नको. पाणी चांगलं उकळ, पीठ त्यात घाल, झाकण ठेव, हाताला सोसेल इतकं निवलं की भरपूर मळ. एका भाकरीपुरताच गोळा घे, मळला की लगेच थाप. थापता येत नसेल तर प्लॅस्टिकच्या दोन कागदांत लाट, कोणी बघत नाही. तव्यावर टाकलीस की वरून पाण्याचा हात फिरव, ते पाणी सुकायच्या आत उलट.

जिरावण_भिया
सोबत वांग्याचं भरीत असेल तर पत्ता टाका.

व्यवस्थापक
भाकरीवरची पुढची चर्चा पाककृती विभागात हलवली आहे. औषधं सुरू-बंद करण्याबाबत आपापल्या डॉक्टरांशी बोलावे.